बैलवाल्यांचा बैल

तळे राखी तो पाणी चाखी, असं म्हणतात. ही म्हण ज्याने केली त्याला बैलवाले भेटले नसावेत. त्यांनी नोकरीची सगळी वर्षं एका गुहेचं दार राखलं, आणि त्या गुहेत काय आहे ते एकदाही डोळ्यांनी पाहिलं नाही. गल्लीत मात्र ही गोष्ट कुणाला ठाऊक नव्हती. गुहेतला रानबैल म्हणजे बैलवाल्यांच्या घरचाच, अशी सगळ्यांची समजूत होती, आणि ती त्यांनी स्वतःच मोठ्या मेहनतीने जोपासली होती.

बैलवाले हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. बैल सोडा, त्यांनी घरात कधी मांजरसुद्धा पाळलं नाही. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या, खाली न्हाव्याचं दुकान, एक मुलगी ती लग्न होऊन दूर गेलेली, आणि एक बायको. बायकोला गल्ली बैलवाल्या काकू म्हणायची. त्याचा तिला राग यायचा. "बैल यांचा आणि नाव मला," ती म्हणायची. "घरातला सांभाळते तेवढा पुरे आहे." तिचा स्वभावच तसा होता. नवऱ्याने आज गरम होतंय म्हटलं तर ती खिडकी लावून घ्यायची. इतक्या वर्षांच्या संसारात तिने त्यांचं एकही म्हणणं पहिल्या फटक्यात मान्य केलं नव्हतं, आणि त्यांनाही आता कुणी लगेच हो म्हटलं की चुकल्यासारखं वाटायचं.

गुहा शहराबाहेरच्या टेकडीच्या पोटात होती. माणसाला अजून लिहिता येत नव्हतं, पेरता येत नव्हतं, त्या काळात कुणीतरी तिथल्या भिंतींवर लाल मातीने आणि कोळशाने जनावरं काढून ठेवली होती, त्यांतलाच एक हा रानबैल. हजारो वर्षं ती अंधारात सुखाने राहिली. मग त्यांचा शोध लागला आणि त्यांचे हाल सुरू झाले. बघ्यांची रीघ लागली. माणसाच्या श्वासात ओल असते, अंगात ऊब असते, बुटांना बाहेरची घाण असते. हे सगळं आत जाऊन भिंतीवर बसलं आणि तिथे बुरशी धरायला लागली. तेव्हा सरकारला जाग आली. बैलवाल्यांच्या जन्माआधीच गुहा लोकांसाठी कायमची बंद झाली, तोंडाशी एकामागे एक अशी दोन लोखंडी दारं बसली, आणि वर्षातून मोजके तपासनीस, खास परवानगीचे थोडे पाहुणे, आणि तेही मोजकी मिनिटं, एवढीच आत जायची मुभा राहिली. पहारेकऱ्याने मात्र बाहेरच थांबायचं. आत कुणाचं बरंवाईट झालं तर बाहेर शुद्धीवर असलेला एक तरी माणूस हवा, असा नियम होता. तो माणूस म्हणजे बैलवाले.

थाप सुरू झाली ती न्हाव्याच्या खुर्चीत. नोकरी नवी होती. न्हाव्याने गालाला फेस लावला आणि विचारलं, "मग काय, रोज बघत असाल तो बैल?" तोंडावर फेस, गळ्याशी वस्तरा, बोलणार कसं? बैलवाल्यांनी बेताने मान हलवली. नाही म्हणायला ती आडवी हलवायला हवी होती, पण वस्तऱ्यासमोर मान आडवी कोण हलवतो. ती खालीवर हलली. फेस पुसून होईपर्यंत दुकानातल्या सगळ्यांना कळलं होतं की गुहेतला बैल रोज बघणारा माणूस आपल्यात बसलाय. मग खुलासा करणं राहिलं ते राहिलंच.

पुढे पुढे त्यांनाही चव लागली. शहरात माहिती केंद्र होतं, तिथल्या दर्शनी भिंतीवर त्या बैलाचं छायाचित्र लावलेलं होतं. शिंगांपासून शेपटीपर्यंत अख्खी भिंत भरून. शहरातल्या प्रत्येकाने ते पाहिलं होतं, बैलवाल्यांनीही. त्यावरून त्यांनी बैल उभा केला आणि त्याला आपल्या पदरचं तिखटमीठ लावलं. बैल दोन माणसं एकमेकांच्या खांद्यावर उभी राहतील एवढा उंच. त्याचा डोळा आपण जाऊ तिकडे फिरतो. दिवा धरला की नाकपुड्या हलल्यासारख्या वाटतात. आत जाणारे तपासनीस बैलाबद्दल बोलत असते तर कदाचित काही उलगडा झाला असता, पण ते बाहेर येऊन बोलायचे ते ओल किती वाढली, बुरशीचा ठिपका किती सरकला, एवढंच. वैद्य मंडळी रोग्याच्या रूपाबद्दल कुठे बोलतात?

एवढं ऐकून कुणी बैलवाल्यांना नुसता थापाड्या समजेल, तर ते खरं नाही. आपलं काम त्यांनी असं केलं की त्याला तोड नाही. सर्दी-खोकल्याचा माणूस आत जाता कामा नये, हा पहिला नियम. पण सर्दी कोण कबूल करतो? वर्षानुवर्षं अर्ज करून परवानगी मिळालेली असते. एकदा एक प्रसिद्ध छायाचित्रकार आला. तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे बैलवाल्यांनी त्याला बाकावर बसवलं आणि त्याची शिंक-खोकल्याची चाहूल घेत बसले. तो चिडीचूप बसला, पास झाला, आणि आत जाऊन मनसोक्त शिंकला. काही महिन्यांनी भिंतीवर पांढरे ठिपके उमटले. तेव्हाचे साहेब तपासणी करून बाहेर आले, त्याच बाकावर बसले आणि त्यांनी तोंड ओंजळीत झाकून घेतलं. गुहा वर्षभर बंद ठेवावी लागली. मोठा माणूस असा रडताना बैलवाल्यांनी पहिल्यांदाच पाहिला आणि ते मनात फार खजील झाले.

त्यानंतर त्यांनी माणसांना गप्प बसवणं सोडलं आणि हसवायला सुरुवात केली. गप्प बसलेला माणूस खोकला दाबू शकतो. हसणाऱ्याला ते जमत नाही. पाहुणे बाकावर बसले की ते गंभीर चेहऱ्याने सांगायचे, "हा बैल ज्याने काढला ना, त्याची बायको बाहेरून आली. भिंतीकडे बघितलं आणि म्हणाली, एवढा वेळ होता तर खराच धरून आणायचा होतात." लोक हसायचे, आणि ज्याच्या छातीत खरखर असेल त्याचं हसू शेवटी खोकल्यात जायचं. बैलवाले हात जोडायचे. "पुढच्या वर्षी या." या एका विनोदाने त्यांनी कितीतरी प्राध्यापक परत पाठवले, एक मंत्रीही पाठवला. मंत्र्याने बदलीची धमकी दिली. बैलवाले म्हणाले, "जरूर करा साहेब, पण आज आत नको." बदली काही झाली नाही.

आणि आता निवृत्ती आली होती.

हल्लीच्या तपासनीस बाई वयाने त्यांच्या मुलीएवढ्या होत्या. त्यांना बैलवाले मॅडम म्हणायचे आणि त्या यांना काका. एकदा दाराशी चहा पिता पिता मॅडमनी सहज विचारलं, "काका, तुम्ही बघितलाय ना बैल?"

मॅडमशी खोटं बोलावंसं वाटेना. "नाही," ते म्हणाले.

"एकदाही नाही?"

"पहारेकऱ्याने बाहेर थांबायचं असतं."

 मॅडमनी वर लिहिलं, पाठपुरावा केला, आणि महिन्याभराने येऊन सांगितलं की काकांच्या कामाच्या शेवटच्या दिवशी वार्षिक तपासणी ठेवली आहे आणि तपासणीत एक जागा जास्तीची मिळाली आहे. कर्मचाऱ्यासाठी किंवा त्याच्या घरच्या एका माणसासाठी. बैलवाल्यांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला.

त्या दिवसापासून त्यांचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. आपल्याला बैल बघायचा आहे, ही गोष्ट त्यांनी इतकी वर्षं स्वतःपासूनही लपवून ठेवली होती. जो रोज बघतो त्याला बघायची इच्छा कशी असेल? आता ती एकदम वर आली. दाढीला बसल्यावर न्हाव्याने बैलाचा विषय काढला तर ते म्हणाले, "राहू दे आज." घरी तर सांगायची सोयच नव्हती. पहिल्यांदा आत जाणार म्हटलं की इतके दिवस काय करत होतात, हा प्रश्न ठरलेला. निरोपाचा छोटा कार्यक्रम आहे, तूही ये, एवढंच त्यांनी बायकोला सांगितलं.

आदल्या दिवशी घसा खवखवायला लागला.

"गुळण्या करा," बायको म्हणाली.

"धूळ गेलीये जराशी."

"धुळीला आवाज असतो का? मी ऐकतेय सकाळपासून."

त्यांनी गुळण्या केल्या, गरम पाणी प्यायले, मध चाटला, आणि अंथरुणात कुशीवर वळून उशीत तोंड खुपसून दोनदा खोकले. सकाळी बरं वाटत होतं. बरं वाटतंय असं त्यांनी ठरवलंच होतं म्हणा.

दाराशी जमलेली मंडळी थोडीच होती. मॅडम, त्यांचे दोन सहकारी, आणि उद्यापासून पहारा सांभाळणारा नवा माणूस. तो सैन्यातून आलेला, म्हणून सगळे त्याला फौजी म्हणत. बैलवाल्यांची बायको खाऊचा डबा मांडीवर घेऊन कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली. आज नियमाप्रमाणे बैलवाल्यांना बाकावर बसायचं होतं आणि फौजीला त्यांची परीक्षा घ्यायची होती. फौजी बिचारा अवघडला. शिकवलं होतं तसं त्याने सांगायला सुरुवात केली. "हा बैल ज्याने काढला ना, त्याची बायको..." विनोद पूर्ण झाला. मॅडम हसल्या, सहकारी हसले. बैलवाले हसले नाहीत. ज्याने तो विनोद हजारदा सांगितला त्याला तो काय हसवणार? फौजीने कान देऊन ऐकलं आणि सांगितलं, "काका पास."

त्यांना पांढरा अंगरखा चढवला, रबरी बूट दिले, तोंडाला पट्टी बांधली. बायको बघत होती. रोज आत जाणाऱ्या माणसाला बुटाची डावी-उजवी बाजू मॅडमनी का सांगावी लागते, हे तिने विचारलं नाही.

पहिलं दार उघडलं. मॅडम आणि ते दोन दारांमधल्या चिंचोळ्या जागेत शिरले. मॅडमनी दुसऱ्या दाराला किल्ली लावली आणि फटीतून आतली हवा आली, गार आणि ओलसर. ती पट्टीतून थेट बैलवाल्यांच्या घशाशी गेली, आणि तिथे काहीतरी हललं.

तो ठसका त्यांना दाबता आला असता. ठसका दाबायचे जेवढे म्हणून प्रकार आहेत, ते सगळे त्यांना ठाऊक होते, कारण सगळे त्यांनी पकडले होते. जीभ टाळूला लावायची. आवंढा अर्ध्यावर धरायचा. नखाने तळहात दाबायचा. थोड्या मिनिटांचा तर प्रश्न होता, आणि पट्टी होतीच की. मॅडमना काही कळलं नव्हतं. फौजीने पास म्हटलं होतं. दाराच्या पलीकडे, हातभर अंतरावर, बैल होता. ओंजळीत तोंड झाकून बसलेले साहेबही त्यांना तिथे आठवले, आणि ते त्यांना नको होते.

"मॅडम," ते म्हणाले, "मला परत पाठवा."

"काय झालं?"

"घसा."

मॅडम थांबल्या. "काका, थोडंसंच असेल ना? पट्टी आहे. पुन्हा नाही मिळणार हो परवानगी."

"थोडंसंच असतं मॅडम. सगळ्यांचं थोडंसंच असतं."

ते मागे वळले आणि बाहेर आले. उन्हात आल्यावर मात्र खोकल्याची अशी उबळ आली की बाकाला धरून उभं राहावं लागलं. डोळ्यांतून पाणी आलं ते खोकल्याचंच होतं, असं फौजीने समजून घेतलं. बैलवाल्यांना वाईट वाटलं. फार वाईट वाटलं, आणि ते लपवायचीही त्यांना इच्छा उरली नव्हती.

मॅडम त्यांच्या मागोमाग बाहेर आल्या होत्या. त्या खुर्चीकडे वळल्या. "काकू, जागा वाया जाईल. परवानगी घरच्यांनाही आहे. तुम्ही येता?"

"मी?" बायको म्हणाली. "मला काय कळतंय त्यातलं."

"जा," बैलवाले म्हणाले.

"तुम्ही खोकताय इथे, आणि मी..."

"अगं, जा म्हणतो ना." आणि मग त्यांच्यातला पहारेकरी जागा झाला. "थांब. आधी बाकावर बस."

ती बसली. त्यांनी तिला विनोद सांगितला. गुहेतली बायको म्हणाली, एवढा वेळ होता तर खराच धरून आणायचा होतात. ती हसली नाही.

"बरोबरच बोलली ती," ती म्हणाली. "तुम्ही आणलात का कधी काही वेळेवर?" आणि स्वतःच्याच बोलण्यावर तिला हसू फुटलं. ती खळखळून हसली. बैलवाल्यांनी डोळे मिटून ते हसू शेवटपर्यंत ऐकलं. छाती स्वच्छ होती.

"पास," ते म्हणाले.

ती आत होती तेवढा वेळ ते दाराकडे तोंड करून उभे राहिले, रोजच्यासारखे. आतला माणूस कोण आहे यावर उभं राहणं इतकं बदलतं, हे त्यांना आज समजलं. फौजीने पाणी दिलं ते त्यांनी हातात धरून ठेवलं, प्यायले नाहीत.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या अंगरख्याला गुडघ्यांपाशी ओली माती लागलेली होती. तिने पट्टी सोडली, खुर्चीवर बसली. सहकाऱ्यांनी उत्साहाने विचारलं, "कसा वाटला बैल, काकू?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं. "हे सांगतात तसाच आहे," ती म्हणाली.

मॅडमनी मान वर करून तिच्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा वाकून रबरी बूट काढायला घेतले.

मग खाऊ झाला, शाल झाली, मॅडमचं छोटं भाषण झालं. परत येताना न्हाव्याने दुकानातूनच हाक मारली. काकू आत जाऊन आल्याची बातमी त्यांच्या आधी गल्लीत पोचली होती. "काय काकू, आहे का एवढा?" आणि पुन्हा तेच उत्तर. "हे सांगतात तसाच." बैलवाले जिन्याच्या कठड्याला हात लावून उभे होते. ज्या बाईने उभ्या जन्मात त्यांची साधी गोष्ट मान्य केली नाही, ती आज दोनदा, चारचौघांत, त्यांच्या बाजूने साक्ष देत होती. आपण सांगतो तसा बैल आत नाही, हे त्यांना तेव्हाच कळून चुकलं.

घरी आल्यावर तिने पाणी गरम करायला ठेवलं आणि त्यांना गुळण्या करायला लावल्या. संध्याकाळ व्हायला आली होती. ती ओट्याशी कांदा चिरत होती आणि ते स्वयंपाकघराच्या दारात स्टुलावर बसले होते.

"आज पहिल्यांदाच जाणार होतात ना?" ती पाठमोरीच म्हणाली.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"झाली की बरीच वर्षं."

"कशावरून?"

"रोज बघणारा माणूस रोज तेच सांगत नाही," ती म्हणाली. "कधी म्हणेल आज बरं दिसलं नाही, कधी म्हणेल लक्षच गेलं नाही. तुमचं एक अक्षर कधी बदललं नाही."

"मग बोलली का नाहीस? एरवी काय सोडतेस तू मला."

"एरवीचं वेगळं," ती म्हणाली.

कांदा चिरून झाला. तिने सुरी धुतली, हात धुतले, पदराला पुसले. बैलवाले उठून तिच्याजवळ गेले. आता त्यांना राहवत नव्हतं.

"खरं सांग. केवढा आहे?"

ती वळली. सांगायला तिने दोन्ही हात पुढे केले, तळवे समोरासमोर, जवळजवळ. मग तिची नजर त्यांच्या चेहऱ्यावर गेली आणि हात दूर व्हायला लागले. हळूहळू ते खांद्यांइतके लांब गेले, आणखी लांब जाऊ लागले. बोलत ती काहीच नव्हती, नुसती त्यांच्याकडे बघत होती आणि बैल वाढवत होती.

बैलवाल्यांनी तिची मनगटं धरली. जोर न लावता ते तिचे हात परत जवळ आणू लागले. ती येऊ देत होती. हात खांद्यांच्या आत आले, आणखी आत आले, छातीशी आले, आणि मग एका जागी तिचे हात ताठ झाले आणि त्याच्या पुढे येईनात. मध्ये वीतभर जागा उरली होती.

"एवढा?" ते म्हणाले.

"एवढाच. अगदी खाली आहे, जमिनीलगत. गुडघे टेकून बसावं लागतं."

बैलवाल्यांनी तिची मनगटं सोडली नाहीत. मधल्या त्या वीतभर जागेकडे ते बघत राहिले, आणि त्यांचं बघून होईपर्यंत तीही हात न हलवता तशीच उभी राहिली.